लहान आतड्याची बढती

मित्रांनो, मी एक जुने लहान आतडे आहे. 'जुने' हे खरे, 'लहान' मात्र उगीच. मला उलगडून जमिनीवर ठेवले तर माझ्या मालकिणीच्या उंचीच्या चौपट भरेन. पण माझी रुंदी कमी, म्हणून माझ्या पुढच्या आखूड, लठ्ठ भावाला लोक 'मोठे' म्हणतात आणि मला 'लहान'. नावावरून भांडत बसायला मला कधी फुरसतच मिळाली नाही.

माझ्या मालकिणीचे नाव मालसुन. कोरियाच्या दक्षिणेकडे दाम्यांगच्या जुन्या बाजारात तिचे रस्साभाताचे दुकान आहे. डुकराची आतडी धुवायची, त्यांत रक्त, टोफू, पातीचा कांदा आणि भात भरायचा, ती उकळून त्यांच्या चकत्या कापायच्या आणि वाफाळत्या रश्श्यात घालून गिऱ्हाइकापुढे ठेवायच्या, हा तिचा धंदा. म्हणजे विचार करा, माझ्याच जातभाईंना रोज मीठ आणि पीठ चोळून धुणाऱ्या बाईच्या पोटात मी राहते! सुरुवातीला मला धडकी भरायची. पुढे सवय झाली. आतडे कसे असावे याची पारख तिच्याइतकी कोणाला नाही, याचा मग अभिमानच वाटू लागला.

मला डोळे नाहीत. पण पोटाची भिंत काही फार जाड नसते. बाहेरचे बोलणे ऐकू येते, आणि उरलेली बातमी रक्त घेऊन येते. रक्त सगळीकडे फिरते आणि त्याला गप्पांची भारी हौस.

माझे बालपण मोठे मजेचे गेले. मालसुन तिच्या आईच्या पोटात अगदी चिमुकली होती, तेव्हा मी इतक्या भराभर वाढू लागले की तिच्या इवल्या पोटात मला जागाच पुरेना. म्हणून मी काही आठवडे शेजारच्या नाळेत जाऊन राहिले. पोट मोठे झाले तशी वळणे घेत घेत परत आले आणि वेटोळे घालून जागेवर बसले. घरात आधीच मुली पुष्कळ होत्या, म्हणून बाळाचे नाव मालसुन ठेवले. त्याचा अर्थ 'ही शेवटची मुलगी असो'. पण ही शेवटची मुलगी भूक मात्र पहिल्या नंबरची घेऊन आली होती.

ते दिवस टंचाईचे होते. जवाची पेज, मुळ्याचा पाला, आणि मडक्यात मुरवलेली सोयाबीनची खारट चटणी. अंडे वाढदिवसाला. कधी बाजारातून उकडलेल्या रेशीमकिड्यांचा द्रोण आला की आम्ही सगळे अवयव खडबडून जागे व्हायचो. कारण त्यांत प्रथिने असत, आणि प्रथिने आली की आमचा सण असे.

प्रथिन म्हणजे काय ते सांगते. बारीक मण्यांची एक लांबलचक माळ घ्या आणि तिचा लोकरीसारखा घट्ट गुंडा करा. असे असंख्य गुंडे म्हणजे मांस, मासे, अंडी, डाळी. ही माळ जशीच्या तशी शरीराला उपयोगाची नाही. ती सोडवायची, तोडायची आणि मणी सुटे करायचे. त्याच मण्यांतून शरीर स्वतःच्या माळा ओवते. त्यांतून दंडांचे स्नायू होतात, केस होतात, जखमेवरची नवी कातडी होते.

हे काम आम्ही वाटून घेतले होते. दात चावत. मग जठराची पाळी. जठर माझा सख्खा शेजारी, माझ्या वरच्या अंगाला राहणारा. त्याच्याकडे जळजळीत आम्ल होते. त्यात पडले की गुंडे आपोआप सैल होत. मग त्याची पेप्सिन नावाची कात्री माळांचे ओबडधोबड तुकडे करी आणि तो सगळा काला थोडा थोडा करून माझ्याकडे सोडी. जठर शिस्तीचे होते. कितीही आले तरी सगळे एकदम कधी ढकलले नाही.

खरे बारीक काम माझ्याकडे होई. शेजारी स्वादुपिंड राहते. ते मला नव्या कात्र्या पाठवते, पण म्यानात घालून. उघड्या पाठवल्या तर त्या वाटेत त्यालाच कापतील! त्या माझ्या दारात आल्या की मी पहिल्या कात्रीचे म्यान उतरवते. तिचे नाव ट्रिप्सिन. मग ती बाकीच्यांची म्याने उतरवते, आणि एकच कापाकापी सुरू होते. उरलेसुरले तुकडे माझ्या अस्तरावरच्या केसांहून बारीक बोटांपाशी येतात. तिथे माझ्या स्वतःच्या कात्र्या आहेत. मणी सुटा झाला की मी तो उचलते आणि रक्ताच्या हवाली करते. रक्त तो आधी यकृताकडे नेते, आणि तिथून ज्याला हवा त्याला मिळतो.

एवढे करूनही कौतुक मात्र जठराचे व्हायचे. मालसुन दुकानात उभ्या उभ्या, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, वाडगाभर रस्साभात भुर्रकन ओढायची आणि बरगड्यांखाली थाप मारून म्हणायची, "माझं पोट म्हणजे लोखंड आहे लोखंड! खिळे खाल्ले तरी पचवीन." ती थाप जठराच्या पाठीवर पडे. माझी आठवण फक्त मी गुडगुडले की निघे, आणि तीही शिवी देऊन. मला थोडे वाईट वाटायचे. पण जठराने कधी तोरा मिरवला नाही, म्हणून मीही मनात ठेवले नाही.

समोरच्या गाळ्यात ओकदान बसायची. तिचे टोफूचे दुकान. मालसुनपेक्षा ती थोडी धाकटी, म्हणून रीतीप्रमाणे 'ताई' म्हणायची. पण त्या 'ताई'त आदर असा नव्हताच. मालसुन सारणासाठी टोफू तिच्याकडूनच घेई आणि रोज भांडे.

"ओकदान, यात पाणी किती? टोफू विकतेस का विहीर?"

"ताई, तुझ्या रश्श्यापेक्षा कमीच आहे. तुझ्याकडचं गिऱ्हाईक परवा वाडग्यात पोहत होतं."

त्या दोघी भांडल्या नाहीत तर बाजाराला चुकल्यासारखे वाटे.

आणि मग एका वर्षी तपासणीत निघाले की जठराला कर्करोग झालाय. वेळेत सापडला होता. डॉक्टर म्हणाले, जठर सगळे काढावे लागेल, मग तुम्ही बऱ्या व्हाल. मालसुनचा मुलगा गिसप गावातली बस चालवतो. तो अबोल आणि घाबरट. तो नुसता मान हलवत राहिला. मालसुन म्हणाली, "काढा. पण मग मी जेवू कशात?"

शस्त्रक्रियेच्या दिवशी जठर रिकामे होते. आम्ही जन्मापासून एकमेकांना टेकून राहिलो होतो. जाताना त्याने काही सांगितले नाही. आम्हा अवयवांना तशी रीत नाही. झोपेचे औषध उतरले तेव्हा माझ्या वरच्या बाजूला वारा लागल्यासारखे वाटले. तिथे कोणी नव्हते.

मग मला कळले की डॉक्टरांनी मलाच हलवले आहे. मला वरच्या अंगाला एके ठिकाणी कापले होते, खालचे टोक उचलून थेट अन्ननलिकेला शिवले होते, आणि जिथे स्वादुपिंडाच्या कात्र्या उतरतात तो माझा पहिला तुकडा आडबाजूने मला जोडून दिला होता, नदीला ओढा मिळतो तसा. मित्रांनो, साध्या भाषेत सांगायचे तर माझी बढती झाली होती. आणि मला त्या जागेचे काम येत नव्हते!

पहिले महिने आमचे फार ओढाताणीचे गेले. मालसुनची सवय भराभर गिळायची. आता मधे जठर नाही, त्यामुळे घास सरळ माझ्या अंगावर कोसळे. मी गडबडून रक्तातून भसाभस पाणी ओढून घेई, की वर तिचे हृदय धडधडे, घाम फुटे, डोळ्यांपुढे अंधारी येई. तिला वाटे आपण मरतो आहोत. मला वाटे माझ्यामुळे मरते आहे.

म्हणून तिने खाणेच कमी केले. भाताची पेज आणि मुळ्याचे पाणी, बस्स. टोफू नाही, अंडे नाही, मासा नाही. तिच्या डोक्यात पक्के बसले होते की पचवणारा गेला, आता मांसमच्छी आत जाऊन कुजेल. मी तयार बसले होते. ओढ्यातून कात्र्या येत होत्या, मी म्याने उतरवत होते, आणि कापायला काही नव्हते. मग शरीराने स्वतःचेच दंड मोडायला काढले. मणी उसने घेतात ना, तसे. एके दिवशी मालसुनला कढईवरचे झाकण उचलेना. ते पितळी झाकण, जे ती एका हाताने भिरकावत असे!

गिसप म्हणाला, "आई, दुकान बंद करू या. घरी बस."

मालसुनने मान डोलावली. तिने भांडण केले नाही, हेच ओकदानला सहन झाले नाही. मालसुनच्या पुढच्या तपासणीला ओकदान गिसपच्या गाडीत आपणहून चढून बसली.

रुग्णालयात आहार सांगणारी एक तरुण बाई होती. मालसुनने तिला विचारलेच, "पोरी, चूलच काढून नेलीत तुम्ही. मग आता शिजायचं कुठे?"

ती हसली. "आजी, जठर म्हणजे चूल नव्हे. तो कडधान्य भिजत घालायचा टोप होता. प्रथिनं भिजवायची, थोडी ठेचायची. चूल पुढे आहे, लहान आतड्यात, आणि ती तुमच्याकडे शाबूत आहे. आतडं आणि स्वादुपिंड मिळून मांस, मासे, टोफू सगळं पचवतात."

"जठराशिवाय?"

"जठराशिवाय. फक्त भिजवायचं आणि ठेचायचं काम आता दातांनी करायचं. थोडं थोडं खा, पुष्कळ वेळा खा, आणि प्रत्येक घास पेजेसारखा होईपर्यंत चावा. जठरावाचून एक जीवनसत्त्व मात्र अंगी लागत नाही, त्याचं इंजेक्शन चुकवू नका."

मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझे नाव कोणीतरी आदराने घेतले! मी आनंदाने इतके मोठ्याने गुडगुडले की खोलीत सगळ्यांना ऐकू गेले.

"बघ, ताई," ओकदान म्हणाली, "तुझ्या आतड्याला कळलं. तुला कधी कळणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गरम, थलथलीत टोफूची वाटी घेऊन मालसुनच्या दारात उभी राहिली.

"नको," मालसुन म्हणाली.

"इतकी वर्षं पाणी पाणी म्हणून ओरडलीस ना? हे बघ, आज पाणीच समजून खा."

मालसुनने चमचा तोंडात घातला. चावायला त्यात काही नव्हते, तरी तिने चावले. मी श्वास रोखला असता, मला श्वास असता तर. मग तो घास माझ्यापर्यंत आला. काय सांगू! टोफूसाठीचे सोयाबीनचे दूध आधीच उकळलेले, त्यामुळे त्यातले गुंडे चुलीवरच सैल झालेले. जठराच्या आम्लाची उणीव भासलीच नाही. ओढ्यातून कात्र्या धावून आल्या. माळा तुटू लागल्या. माझी बोटे डोलू लागली, मणी उचलू लागली, रक्ताच्या ओंजळीत टाकू लागली. रक्त म्हणाले, "कुठे होतात इतके दिवस? दंड कधीपासून वाट बघतायत!"

टोफू पचला. मग वाफवलेले अंडे पचले. मग मासा. मालसुन गल्ल्यावर परत बसू लागली. आणि मित्रांनो, इथे आम्ही जरा शेफारलो.

एका बाजाराच्या दिवशी गर्दी फार होती. ती कढईपाशी उभी असताना ताज्या चकत्यांचा वास तिच्या नाकात गेला. कोणी बघत नाही असे पाहून तिने दोन चकत्या तोंडात टाकल्या आणि वर गरम रश्श्याचे मोठे घोट घेतले. जुन्या सवयीने, भुर्रकन. न चावलेले गोळे माझ्यावर दणादण आदळले. मी कळवळून वळले. मालसुन घामाने भिजून तिथेच जमिनीवर बसली. गिऱ्हाइके उठली. कोणीतरी बसथांब्यावरून गिसपला बोलावून आणले.

तो धावत आला, आईला टेकवून बसवले, आणि ती सावरल्यावर शांतपणे दुकानाचे दार ओढून घेऊ लागला. "बस्स झालं, आई. आता हे दुकान उघडायचं नाही."

ओकदान रस्ता ओलांडून आली. हात अजून टोफूच्या पाण्याने ओले.

"दार सोड, गिसप."

"मावशी, तुम्ही मधे पडू नका. ती मरेल."

"खाण्याने नाही मरत ती. घाईने मरेल." मग ती मालसुनकडे वळली. "आणि ताई, तू! तुझं नशीब की तुझ्या आतड्याला पाय नाहीत, नाहीतर कधीच पळून गेलं असतं."

मालसुनला हसू आले, आणि हसता हसता ती रडली. "मला चावता येत नाही गं, ओकदान. दोनदा चावलं की घास आपोआप खाली जातो. आयुष्यभर कोणी बसू दिलंय मला?"

ओकदानने एक स्टूल ओढले, समोर बसली आणि तिच्या वाटीत मांसाचा एक बारीक तुकडा ठेवला. "घाल तोंडात. आता मी तुझ्याविरुद्धची एक तक्रार सांगणार. ती संपेपर्यंत गिळायचं नाही. आणि तोंड भरलेलं, म्हणून उलट बोलायचंही नाही."

मालसुनने घास घेतला.

"तुझ्या लग्नाला मी नवी बांबूची टोपली दिली होती. ती तू तुझ्या जावेला देऊन टाकलीस. वर मला म्हणालीस, उंदरांनी खाल्ली. मी त्या जावेच्या घरी गेले, तर टोपली भिंतीवर! आणि टोपलीत काय? लसूण! आणि तो लसूणसुद्धा माझाच, मी उसना दिलेला..."

मालसुनचे डोळे मोठे झाले. ती रागाने चावत राहिली. चावून चावून घासाची पेज झाली, मग तिने गिळले आणि ओरडली, "तो लसूण माझा होता!"

"दुसरा घास," ओकदान म्हणाली.

गिसप दाराची कडी हातात धरून उभा होता. थोड्या वेळाने त्याने ती सोडली.

तेव्हापासून हा आमचा नेम झाला. दिवसातून अनेकदा, बाजारात थोडी शांतता असेल तेव्हा, ओकदान समोर येऊन बसे. मालसुन घास घेई आणि तक्रार सुरू होई. इतक्या वर्षांचा शेजार, तक्रारी काय संपणार! घासागणिक टोफूतले पाणी, उधार नेलेली चाळणी, पावसात न दिलेली छत्री, पोराच्या बारशाचे न आलेले आमंत्रण. बाजारातले लोक आपापली स्टुले घेऊन ऐकायला येत. काहींचा तर रस्साभात मालसुनच्या हातचा आणि तक्रार ओकदानच्या तोंडची, असा दुहेरी बेत ठरलेला असे. दुकान पूर्वीपेक्षा जास्त चालू लागले.

आणि मी? माझ्याकडे असे मऊ, बारीक चावलेले, शहाण्यासारखे एकेक घास येऊ लागले की काम करताना गाणे म्हणावेसे वाटे. मी हळूहळू थोडे रुंदही झाले आणि जठराची शिस्त आपल्या परीने शिकले. प्रथिन आले की सोडव, तोड, उचल, दे. रोज. माझे अस्तर काही दिवसांनी गळून नवे येते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? त्या गळलेल्या अस्तराचेही मी मणी करून परत वापरते. आमच्याकडे वाया काही जात नाही.

मालसुन सत्तरीची झाली तेव्हा गिसपने बाजाराच्या मागच्या अंगणात मोठा समारंभ केला. तांदळाच्या पिठाचे गोळे, भाजलेला मासा, समुद्री शेवाळाचे सूप. ढोल आला. आमच्याकडे अशी रीत आहे की या दिवशी मुलगा आईला पाठीवर घेऊन अंगणात नाचतो. लहानपणी आईने वाहिलेला भार त्याने एकदा फेडायचा. गिसपने कोट काढला, आईपुढे गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "चढ, आई."

मालसुनने त्याच्या पाठीवर एक थाप दिली. "ऊठ. तुझी पाठ बस चालवायला ठेव." मग ती ओकदानपुढे जाऊन उभी राहिली, तिच्याकडे पाठ केली आणि वाकली. माझी सगळी वेटोळी पुढे दाबली गेली, म्हणून मला नक्की कळले की ती वाकली आहे.

"चढ," ती ओकदानला म्हणाली.

"वेडी झालीस का, ताई? मी गोणीएवढी आहे. तुझी कंबर मोडेल!"

"चढतेस, की मी तुझ्याविरुद्धची एक तक्रार सांगू सगळ्यांना?"

ओकदान घाबरत घाबरत चढली. मी रक्ताला विचारले, दंड काय म्हणतात? मांड्या काय म्हणतात? रक्त म्हणाले, "विचारू नकोस, बघ फक्त." मालसुनचे पाय थरथरले. मग ताठ झाले. आणि मित्रांनो, ती उठली! ओकदानला पाठीवर घेऊन उठली, ढोल वाजू लागला आणि ती अंगणात झुलू लागली.

"खाली ठेव! अगं खाली ठेव मला!" ओकदान तिच्या गळ्यात हात टाकून ओरडत होती, हसत होती.

"गप बस," मालसुन धापा टाकत म्हणाली. "मी कुठे उचललंय तुला? माझ्या हातापायांत सगळा तुझाच टोफू आहे. तुझा टोफूच तुला उचलतोय."

ओकदानचे ओरडणे थांबले. तिने मालसुनच्या खांद्यावर गाल टेकला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिने 'ताई' असे म्हटले की त्यात दुसरे काही नव्हते.

टोफूच्या त्या मण्यांना मी ओळखले होते. एकेक माझ्या बोटांतून गेला होता.

तर मित्रांनो, तुमच्याही पोटात माझे एक भावंड वेटोळे घालून बसले आहे. ते दिसत नाही, त्याला कोणी थाप मारत नाही, आणि त्याला दात नाहीत. दात तुमच्याकडे आहेत. तेवढे काम तुम्ही करा, बाकी सगळे ते निमूट करील. बसून जेवा. सावकाश चावा. आणि जमले तर भांडायला, हसायला कोणीतरी समोर असू द्या. घास बरा उतरतो.

आता मला रजा द्या. नाच संपलाय, मालसुन ताटावर बसलीय, आणि वर चावण्याचा आवाज येतो आहे. कात्र्या निघाल्या असतील. मला म्याने उतरवायची आहेत.